ग्रामीण रुग्णालयातून मनोविकाराच्या ओपीडीपर्यंत: एका तृतीयपंथी बाईचा अनुभव

आमच्याकडे झोप उडाली, अन्नावरची वासना गेली की आधी देवऋषी, मग मेडिकलमधली झोपेची गोळी आणि अगदी शेवटी सरकारी दवाखाना. मी शेवटापासून सुरुवात केली. खर्च म्हणाल तर एसटीचा; राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र या उपचारासाठी लागत नाही.

पहिला अडसर खिडकीवरच. केसपेपरवर आधारवरचं नाव येतं आणि तेच व्हरांड्यात पुकारतात. पुरुषाच्या नावाला साडीतली बाई उठली की अख्खं बाकडं वळून बघतं. कागद आत देताना "सिस्टर, नंबरानं बोलवा" एवढं सांगायचं. बहुतेक सिस्टर ऐकतात.

गावातल्या आशाताईंकडे मन मोकळं करावं असं मला वाटत नाही. त्या मायाळू असतात, पण गाव एकच. त्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणीचं जे आयसीटीसी केंद्र असतं, तिथल्या समुपदेशकाला गाठावं. आमच्या लोकांशी बोलायची त्यांना सवय असते आणि बोलणं दाराआड होतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तालुक्याला कोणत्या वारी येतात, हेही तिथेच विचारावं.

डॉक्टरांसमोर काय आधी सांगायचं, यावर सगळं ठरतं. अर्धं पान लिहून न्यावं: झोप किती तास, जेवण किती, कामावर जाणं कधीपासून सुटलं, दारू किती, मरणाचे विचार येतात का. तृतीयपंथी असल्याचं शेवटच्या ओळीत. ते पहिल्यांदा सांगितलं की सगळा वेळ "हे असं कधीपासून?" यातच जातो आणि उदासीचा आजार बाजूला राहतो. "बरं करू, लग्न लावा" म्हणणारेही भेटतात. ओळख बदलण्याचे असले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही लिंगावरून भेदभाव करू देत नाही, माहिती गुप्त ठेवायला लावतो. तरी त्या खुर्चीत वाद घालत बसू नये. दुसरे डॉक्टर कधी असतात ते विचारून निघावं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. अंगाला बाईपण यावं म्हणून अनेकजणी माला-डी ही गर्भनिरोधक गोळी रोज दोन-तीन खातात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, तंबाखू-सिगारेट असेल तर आणखीच. शिवाय त्यातलं दुसरं औषध, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, थोडं पुरुषी संप्रेरकासारखंच वागतं, म्हणजे हवा तो बदलही नीट होत नाही.

उदासीवर बहुधा एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिन देतात. गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात; मळमळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्या आठवड्यातच. बहुतेकजणी इथेच गोळी टाकून देतात. बरं वाटल्यावर एकदम थांबवली तरी चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या. जत्रेला किंवा बाजार मागायला (दुकानादुकानांतून पैसे मागायला) बाहेर जायचं असेल तर आधीच जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. घराण्यात, म्हणजे तृतीयपंथींच्या गुरू-चेल्यांच्या कुटुंबात, राहत असाल तर गुरूच्या कानावर घालावं, नाहीतर "कसल्या गोळ्या?" म्हणून त्या फेकल्या जातात.

मधल्या दिवसांसाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन: 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत. घरात बोलता येत नाही, तेव्हा रेंज असलेली मोकळी जागा आधीच हेरून ठेवावी. मरणाचे विचार बळावले तर घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं आणि रात्री एकटं राहू नये. पोलीस केसच्या भीतीनं गप्प बसू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच 2017 चा कायदा धरून चालतो.

ट्रान्स पुरुषांची, म्हणजे मुलगी म्हणून जन्मलेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांची, गत वेगळी. त्यांच्यामागे घराणं नाही आणि घरचे मुलगी समजून एकटं सोडत नाहीत. त्यांनी 14416 च्या फोनपासूनच सुरुवात करावी, जिल्हा रुग्णालयातल्या ओपीडीचा वार तिथून विचारून घ्यावा आणि घरी डोकेदुखी दाखवायला चाललोय एवढंच सांगावं.