बेअरिंग काढायची अवजारं: आमची वाटचाल

मासेमारीच्या रिळातली पुष्कळ बेअरिंग झिजून नाही, तर काढताना खराब होतात. आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर हे पुन्हा पुन्हा दिसलं, म्हणून आधी स्वतःपुरती अवजारं बनवली आणि पुढे तीच विकायला लागलो.

रिळातलं बेअरिंग केवढंसं असतं! आतला व्यास 3 मिमी, बाहेरचा 10, जाडी 4. किंवा मग 5×11×4. दोन रिंगा आणि मध्ये छर्रे. घट्ट बसलेली असते ती बहुधा यातली एकच रिंग. बाहेरची रिंग घट्ट असताना आतली ओढली, की सगळा जोर छर्‍यांवर येतो आणि छर्रे रिंगच्या वाटेत बारीक खड्डे पाडतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण बेअरिंग बोटावर फिरवून बघा, आत वाळू गेल्यासारखं खरखरतं. जी रिंग घट्ट आहे तिलाच धरायचं, यावर आमचं प्रत्येक अवजार बेतलेलं आहे. जिथे तसं धरताच येत नाही, तिथे निघालेलं बेअरिंग परत बसवू नका, असं आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

पहिलं अवजार स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरकीच्या, पिनेसाठी झालं. बेटकास्टर, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या स्पूलच्या रिळात, स्पूलच्या शाफ्टवर (मधल्या दांडीवर) बेअरिंग असतं आणि त्याच्या पुढे शाफ्टमधून आडवी गेलेली, दीड ते दोन मिमी जाडीची पिन. ही पिन निघाली की बेअरिंग हाताने सरकतं. बरेच जण शाफ्ट लाकडावर ठेवून पिनेवर हातोडी मारतात. तेवढ्याने शाफ्ट केसभर वाकतो आणि फेक मारताना स्पूल थरथरतं. शिवाय भोकाच्या कडेला धार उठते, मग पिन निघाली तरी बेअरिंग त्या धारेवर अडतं.

सुरुवात सायकलची चेन तोडायच्या अवजारापासून केली. त्याचं टोक चेनच्या पिनेच्या मापाचं, म्हणजे साडेतीन मिमीच्या आसपास. ते घासून बारीक केलं, पण लांब आणि सडपातळ झाल्यामुळे दाब पडताच वाकायला लागलं. आता आम्ही इंग्रजी ‘यू’ आकाराच्या पोलादी चौकटीत एम6चा (6 मिमी जाडीचा) स्क्रू घालतो. त्याच्या पुढच्या तोंडात ड्रिलच्या दांडीचा तुकडा बसवतो, पिनेपेक्षा 0.1 मिमी बारीक आणि जेमतेम 4 मिमी बाहेर आलेला. तुकडा आणि स्क्रू यांच्यामध्ये एक छर्रा ठेवतो. तो नसेल तर स्क्रूबरोबर टोकही फिरतं, पिनेचं डोकं खरवडतं आणि घसरून शाफ्टवर उतरतं. समोरच्या बाजूला शाफ्ट टेकायला ‘व्ही’ खाच आणि खाचेच्या मधोमध पिन बाहेर पडायला भोक. 2 मिमीच्या पिनेला 2.3 मिमीचं भोक पुरतं. सुरुवातीला आम्ही ते 4 मिमीचं ठेवलं होतं. पण मग जिथे दाब येतो नेमका तिथेच शाफ्ट अधांतरी राहतो.

एम6चा आटा 1 मिमीचा, म्हणजे एका फेऱ्याला टोक 1 मिमी पुढे सरकतं. पिन सुटते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो आणि हातातला भार एकदम हलका होतो. आवाज न येता स्क्रू जडच होत गेला तर थांबा. टोक पिनेच्या मधोमध नाही किंवा भोकात मीठ साचलंय. पिन काढण्याआधी ती दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे ते व्हर्नियरने मोजून ठेवा. परत बसवताना एक बाजू जास्त बाहेर राहिली तर पिनियनच्या (स्पूल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) खाचेत ती अडकते.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो बंद खोबणीतल्या बेअरिंगने. मागून ढकलायला जागा नाही, बाहेरची रिंग खोबणीत घट्ट, आणि बेअरिंगच्या मागे कित्येकदा मिलिमीटरभरही मोकळी जागा नसते. 5 मिमीच्या भोकासाठी आम्ही फुलणारा पुलर, म्हणजे आतून धरून ओढायचं अवजार, करतो. सिल्व्हर स्टीलची (कडक करता येणाऱ्या पोलादाची) दांडी, टोकाला 4.95 मिमीचा आणि 0.6 मिमी जाडीचा ओठ, ओठामागे मान 4.5 मिमी. मागून 2.5 मिमीचं ड्रिल मारून एम3चे आटे पाडायचे, पण टोकाच्या 3 मिमी अलीकडे थांबायचं; तिथून पुढे भोक फक्त 2 मिमीचं. मग टोकाकडून अर्धा मिमी रुंद दोन छेद फुलीसारखे, 15 मिमी लांब. मागून टोकदार स्क्रू पिळला की चारही पाकळ्या फुलतात आणि ओठ रिंगच्या मागे अडकतो.

आधी पितळेचे केले होते. पितळेच्या पाकळ्या एकदा फुलल्या की मिटत नाहीत, पुलर बेअरिंगमध्येच अडकून बसतो. पोलादाचे केल्यावर छेदाच्या मुळाशी तडे जायला लागले. आता तिथे आधी दीड मिमीचं आडवं भोक पाडतो आणि दांडीला पाणी दिल्यावर (तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर) निळी झाक येईपर्यंत तापवून उतरवतो. तडे थांबले.

ओढायला सरकता हातोडा (दांडीवर वजन सरकवून झटका देणारा) वापरत नाही. कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकच्या चौकटीत झटक्याने खोबणीची कडच तुटते. त्याऐवजी डेलरिनची (टणक प्लास्टिकची) नळी खोबणीभोवती टेकवायची, वर वॉशर आणि नट. नट पाव-पाव फेरा फिरवला की बेअरिंग सरळ वर येतं. मात्र इथे जोर आतल्या रिंगवरच असतो, त्यामुळे असं निघालेलं बेअरिंग बाद.

3 मिमीच्या भोकात पाकळ्यांचा पुलर टिकत नाही. त्यासाठी दीड मिमीची स्प्रिंगची तार, टोकाला अर्धा मिमी बाहेर आलेला ओठ, आणि ती आत गेल्यावर शेजारी 1.3 मिमीची सरळ तार पाचरीसारखी. दिसायला साधं आहे, काम चोख करतं.

खाऱ्या पाण्यातल्या रिळात अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि बेअरिंग आवळते. आधी गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, मग चौकट गरम करा. अॅल्युमिनियम बेअरिंगच्या कडक स्टेनलेसच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. 10 मिमीच्या खोबणीत तापमान 50 अंशांनी वाढलं तर सहा मायक्रॉनच्या आसपास सैलपणा मिळतो. तेवढा पुरतो. पण बाजूच्या झाकणात ब्रेकची चुंबकं असतील तर ती आधी काढा. साधी निओडिमियम चुंबकं 80 अंशांच्या पुढे कमजोर होतात. प्लास्टिकच्या चौकटीला उष्णता देऊच नका.

काही बेअरिंगवर वाकवलेल्या तारेची क्लिप असते, ती सुईने काढताना उडतेच. आमच्या टेबलावर हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून होतं. म्हणून प्रत्येक संचात एक तशी पिशवी घडी करून ठेवलेली असते.