तुम्ही विचारलंत म्हणून: घेतलेल्या गेमचे पैसे परत मिळतात का?

“गेम घेतला आणि दोन दिवसांत कळलं की चूक झाली. आता पैसे परत मिळतील का?” हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट लिहून ठेवतो.

स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, मिळतात. खरेदी होऊन १४ दिवस उलटलेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. मग कारण काहीही चालतं, ‘मजा आली नाही’ एवढंही पुरतं. मात्र दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात आणि लोक अडकतात ते दुसरीत.

कारण स्टीमचं घड्याळ तुम्ही काय करताय ते बघत नाही. गेम चालू आहे की बंद, एवढंच बघतं. गेम मेन्यूवर ठेवून जेवायला गेलात तरी मिनिटं चढत राहतात. गेमचा स्वतःचा लाँचर (गेम सुरू करून देणारा वेगळा प्रोग्रॅम) असेल आणि उरलेल्या फायली त्यातून उतरत असतील, तर तो वेळही खेळण्यातच धरला जाऊ शकतो. त्यात शेडरची भर. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम. ते आधी तयार झाले नाहीत तर गेम खेळताना अडखळतो, म्हणून काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर ते तयार करत बसतात. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ पीसीवर आला, तेव्हा कित्येकांच्या मशीनवर यातच तासाभराहून जास्त गेला. गेमची पहिली चकमक दिसायच्या आत निम्मी मुदत संपलेली!

म्हणून नव्या गेमचा पहिला तास तपासणीचा धरा. स्टीमच्या सेटिंगमधून फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावून घ्या आणि तो गर्दीच्या जागी बघा: बाजारात, पावसात, मोठ्या मारामारीत. सुरुवातीच्या रिकाम्या खोलीत सगळेच गेम छान पळतात. कंट्रोलर ओळखला जातो का, अक्षरं वाचता येतात का, सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडतो का, हेही याच वेळात. नव्वद मिनिटं झाली की गेम बंद करून ठरवा. ‘पुढे रंगेल’ म्हणून आणखी तासभर खेळलात, तर परताव्याचा हक्क गेला.

अर्ज सोपा आहे. ‘हेल्प’मधून स्टीम सपोर्ट, तिथे ‘पर्चेसेस’, मग तो गेम आणि परताव्याचा पर्याय. पैसे स्टीम वॉलेटमध्ये हवेत की ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, हे इथेच विचारलं जातं. घाईत वॉलेट निवडू नका, तिथले पैसे बँकेत वळवता येत नाहीत. मूळ मार्गाने परत करणं शक्य नसेल, तर मात्र ते वॉलेटमध्येच येतात. मंजुरीनंतर आठवडाभर वाट बघा.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली एक सवलत: गेम घेतला आणि लगेच सेल लागला, तर याच दोन अटींत तो परत करून कमी किमतीत पुन्हा घेता येतो. स्टीमच्या नियमांतच लिहिलंय, की याला गैरवापर मानत नाहीत. संकोच करू नका.

महागड्या आवृत्तीसोबत गेम काही दिवस आधी खेळायला मिळतो, तिथे जपा. एप्रिल २०२४ पासून त्या दिवसांतले तासही दोन तासांत मोजले जातात. डीएलसीचा, म्हणजे गेमला जोडायला वेगळ्या विकत मिळणाऱ्या भागाचा, हिशोब वेगळा: ते घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा आणि डीएलसीतलं काही वापरून संपलेलं नको.

खरी हळहळ मात्र गेमच्या आतल्या खरेदीची असते. ‘गेनशिन इम्पॅक्ट’चं उदाहरण घ्या. तिथे पात्रं लॉटरीसारखी निघतात, एकेका सोडतीला ‘ओढ’ म्हणू. पाच तारे असलेलं पात्र एका ओढीत निघण्याची शक्यता ०.६ टक्के. ९० ओढींत एक नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल याची खात्री नाही. दुसरंच निघालं तर त्यापुढचं मात्र हमखास हवं ते. म्हणजे नशीब अगदीच फिरलं तर १८० ओढी, आणि एका ओढीला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), म्हणून २८,८०० प्रिमोजेम. पैसे भरण्याआधी हा आकडा दुकानातल्या पॅकच्या किमतीशी लावून बघा. ओढींची मोजणी त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरवर (ठरावीक मुदतीच्या सोडतीवर) चालू राहते, त्यामुळे मुदत संपत आली म्हणून घाबरून पॅक घेण्यात काहीच अर्थ नाही.

मुलाने फोनवर अशी खरेदी केली असेल तर गूगल प्लेच्या संकेतस्थळावरून ४८ तासांच्या आत अर्ज करा. त्यानंतर बहुधा गेम बनवणाऱ्यांनाच लिहावं लागतं. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं आजच करून ठेवा.