शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये उभा असलेला माणूस

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांना, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सरकारी कॉलेजांना, आपल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या त्या उद्योगात प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांची सल्लागार समिती नेमावी लागते. मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन अभियंता असल्यामुळे आमच्या भागातील कॉलेजाच्या यंत्रकाम विभागाने मला अशा एका समितीवर घेतले, आणि या देशातील शिक्षणव्यवस्थेचा एक असा कोपरा मला दिसू लागला ज्याच्याशी इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांचा सहसा संबंधच येत नाही. एमएससाठी येणाऱ्या मुलांना विद्यापीठ दिसते. पण इथली सोळा-सतरा वर्षांची मुले हायस्कूलमध्ये असतानाच वेल्डिंग, सीएनसी (संगणकाने चालणारे) यंत्रकाम, वाहनदुरुस्ती किंवा रुग्णसेवा शिकू लागतात आणि त्याच शिक्षणाचा पुढचा टप्पा कॉलेजात पुरा करतात, ही वाट त्यांच्या नजरेस पडत नाही. कागदावर ती अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात ती चालू ठेवण्याचे काम कोणाकडे असते आणि ते इतके अवघड का असते, ते या समितीत बसल्यामुळे मला जवळून पाहता आले.

या शिक्षणाला इथे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, किंवा नुसतेच सीटीई, म्हणतात. आपल्याकडे आयटीआय ही शाळेहून वेगळी संस्था असते. इथे त्याच हायस्कूलमध्ये, इतिहास आणि गणिताच्या तासांच्या अधेमधे, मुले कार्यशाळेत जातात. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहविज्ञान या विषयांच्या शालेय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. केंटकीचे लोकप्रतिनिधी कार्ल पर्किन्स यांच्या नावाने 1984 साली झालेला कायदा पुढे अनेकदा सुधारला गेला आणि आजही या व्यवस्थेचा आधार तोच आहे. 1990 च्या सुधारणेत ‘टेक प्रेप’ नावाची योजना आली, जिच्यात हायस्कूलची शेवटची दोन वर्षे आणि कॉलेजची पहिली दोन वर्षे एकाच आराखड्यात बसवण्याचा विचार होता. 2006 मध्ये शाळेतून कॉलेजात अखंड जाणाऱ्या अभ्यासक्रमांचा आग्रह कायद्यातच आला, आणि 2018 च्या सुधारणेने निधी घेणाऱ्या संस्थांना दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांची पाहणी करणे बंधनकारक केले. या कायद्याखाली वर्षाला साधारण 1.4 अब्ज डॉलर वाटले जातात. अमेरिकेच्या एकूण शिक्षणखर्चात ही रक्कम किरकोळच म्हणायची, पण तिच्या अटींमुळे एरवी एकमेकांकडे न फिरकणाऱ्या संस्थांना एका टेबलाशी बसावे लागते.

त्या टेबलाशी बसणाऱ्यांत शाळेच्या माणसाचा मालक वेगळा असतो आणि कॉलेजच्या माणसाचा वेगळा. शाळा ज्या डिस्ट्रिक्टची (म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेची) असते त्याचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, कॉलेजच्या डिस्ट्रिक्टचेही मंडळ निवडून आलेले असते, आणि या दोन मंडळांपैकी कोणीच दुसऱ्याला हुकूम देऊ शकत नाही. या राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजे 73 डिस्ट्रिक्टांमध्ये विभागलेली आहेत आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट त्यांच्या कितीतरी पट आहेत, त्यामुळे एकेका कॉलेजाला अनेक शाळामंडळांशी वेगवेगळे करार करावे लागतात. दोघांचे शिक्षक वेगळ्या संघटनांत, दोघांना पैसा मिळण्याचे सूत्र वेगळे, दोघांच्या सुट्ट्याही वेगळ्या. 2015 साली मंजूर झालेल्या असेंब्ली बिल 288 या कायद्याने हायस्कूलच्या मुलांना त्यांच्याच शाळेच्या इमारतीत कॉलेजचे वर्ग देण्याची सोय केली. ही सोय विशेषतः कॉलेजला जाण्याची शक्यता कमी असलेल्या मुलांसाठी आहे. अशा वर्गामुळे शाळेतल्या शिक्षकाची नोकरी जाणार नाही आणि एकाच तासाचे सरकारी पैसे दोन्ही संस्था घेणार नाहीत, अशी हमी करारात द्यावी लागते. त्याच करारात दोन्ही बाजूंनी संपर्काची एकेक व्यक्ती नेमून द्यावी, असेही कायदा सांगतो. या व्यक्तीवर जबाबदारी काय काय पडते ते पाहिले की तिच्या हाती अधिकार किती कमी असतात हे फार जाणवते.

शिक्षकाच्या पात्रतेचाच प्रश्न घ्या. हायस्कूलमध्ये सीटीई शिकवायचे तर कॅलिफोर्नियात त्या व्यवसायातील 3 वर्षांचा, म्हणजे 3,000 तासांचा अनुभव लागतो. पदवीची अट नाही. कॉलेजात वेल्डिंग किंवा यंत्रकाम यांसारखा विषय शिकवायला मात्र कोणतीही बॅचलर पदवी आणि 2 वर्षांचा अनुभव, किंवा दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि 6 वर्षांचा अनुभव लागतो. परिणामी, अर्धे आयुष्य कारखान्यात घालवलेला, मुलांना ज्याच्याकडून शिकायला आवडते असा शाळेतला शिक्षक तोच विषय कॉलेजच्या नावाने शिकवू शकत नाही. त्याचा अनुभव पदवीच्या तोडीचा आहे की नाही, हे ठरवण्याची समकक्षतेची एक पद्धत आहे; पण त्यात कॉलेजच्या प्राध्यापकांचा शब्द महत्त्वाचा असतो आणि ते आपली पायरी सहजासहजी खाली आणत नाहीत. माझ्या मते त्यांची भूमिका अगदीच चुकीची नाही, कारण कॉलेजच्या क्रेडिटला, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकाला, बाहेर जी किंमत आहे ती याच काटेकोरपणामुळे. तरीही बैठकीत समोरासमोर बसलेल्या दोन जाणत्या माणसांपैकी एकाला दुसऱ्याकडे आपली लायकी सिद्ध करावी लागते, तेव्हा खोलीतली हवा बदलते. अशा वेळी संपर्काच्या त्या व्यक्तीने, म्हणजे समन्वयकाने, काय करायचे? कायद्याचे कलम वाचून दाखवायचे, की दोघांना मान खाली घालावी लागणार नाही अशी तिसरी वाट काढायची?

आमच्याकडे काढलेली वाट जुनीच होती, पण ती ज्या रीतीने काढली गेली त्यात मला खरे नेतृत्व दिसले. शाळेचा शिक्षक शाळेचाच विषय शिकवेल, कॉलेज परीक्षा घेईल, आणि परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या मुलाला कॉलेजचे क्रेडिट मिळेल, अशी ही व्यवस्था असते. तिच्यासाठी दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळला पाहिजे. विभागाच्या डीनबाईंनी दोन्ही अभ्यासक्रमांच्या छापील प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, शाळेच्या शिक्षकाला पहिल्यांदा बोलायला सांगितले आणि प्राध्यापकांना फक्त ऐकायला. शिक्षक म्हणाले की माझी मुले मायक्रोमीटरवर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचन घेतात, लेथवर साधे आणि निमुळते टर्निंग करतात, आणि कॉलेजात गेल्यावर त्यांना पहिले काही आठवडे पुन्हा स्टीलची पट्टी वाचायला बसवतात. प्राध्यापकांनी विचारले की ती ड्रॉइंगवरचे जिऑमेट्रिक टॉलरन्स, म्हणजे भागाच्या आकारात किती फरक चालेल हे सांगणाऱ्या खुणा, वाचू शकतात का. शिक्षक काही वेळ थांबले आणि म्हणाले, नाही, तिथपर्यंत मी पोहोचत नाही. मग मला विचारण्यात आले की तुमच्या कारखान्यात नव्या मुलाला पहिल्या महिन्यात यांपैकी काय लागते. मी सांगितले की मोजमाप रोज लागते, टॉलरन्स समजला नाही तर माल परत येतो, आणि यंत्रावरचे बाकीचे कसब आम्ही शिकवून घेतो. एवढ्यावरून मोजमापाचा भाग शाळेकडे पूर्णपणे सोपवायचा, टॉलरन्सची ओळख शाळेने सुरू करायची आणि परीक्षेत एक प्रत्यक्ष भाग मोजून त्याचा अहवाल लिहायला द्यायचा, असे ठरले. डीनबाईंनी स्वतःचे मत एकदाही मांडले नव्हते. बैठक संपण्याआधी त्यांनी कोण काय कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार हे लिहून सर्वांना वाचून दाखवले, आणि त्या तारखेला त्यांचे फोन आले.

मुलांच्या बाजूने पाहिले तर अडचणी आणखी वेगळ्या आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेविषयीच्या फर्पा या 1974 च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की त्याच्या तिथल्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, मग त्याचे वय पंधरा असो वा पन्नास. त्यामुळे मुलगा शाळेच्याच वर्गात बसून कॉलेजचा विषय शिकत असला आणि त्याच्या आईने कॉलेजला फोन करून चौकशी केली, तर तिला त्याचे गुण सांगायला कॉलेज बांधलेले नसते. आपल्याकडच्या पालकांना हे पचणे कठीण जाईल. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्या विषयातली खराब श्रेणी कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रकावर चढते आणि पुढे आर्थिक मदत मिळवताना ती आड येऊ शकते. नववी-दहावीतल्या मुलाला प्रवेश देण्याआधी हे समजावून सांगणारे कोणीतरी असावे लागते. शाळेच्या समुपदेशकाला वाटते की ते कॉलेजने सांगितले असेल, आणि कॉलेज शाळेवर विसंबून असते. दोघांमधला माणूस कामाला लागलेला असेल तरच ते सांगितले जाते.

मोठी आणि गाजलेली उदाहरणेही आहेत. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन इथे 2011 साली आयबीएम, शहराचे शिक्षण खाते आणि सिटी युनिव्हर्सिटी यांनी मिळून पी-टेक नावाची शाळा काढली, जिथे मुलाला नववीपासून सहा वर्षांत हायस्कूलचा दाखला आणि असोसिएट पदवी दोन्ही मिळवता येतात. तिथे कॉलेजशी आणि उद्योगाशी दुवा ठेवायला स्वतंत्र माणसे असतात, आणि माझ्या दृष्टीने त्या प्रयोगातील सर्वांत अनुकरणीय भाग हाच आहे. पण भाषणांतून कौतुक होते ते कंपनीच्या नावाचे.

बहुतेक ठिकाणी हे दुव्याचे पद अनुदानाच्या पैशावर चालते, आणि या व्यवस्थेतला मला दिसलेला सर्वांत मोठा दोष तोच आहे. टेक प्रेपसाठी वेगळा काढलेला केंद्राचा निधी 2011 च्या अर्थसंकल्पात बंद झाला. ज्या पदांचे पगार त्यातून होत होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. करार मात्र फायलीत राहिले. करार टिकला म्हणजे काम टिकले असे नाही, कारण अभ्यासक्रम बदलतो, शाळेतला शिक्षक निवृत्त होतो, कॉलेज परीक्षेचा नमुना नवा करते, आणि दोन वर्षे कोणी फोन केला नाही तर जुळवलेले विषय पुन्हा जुळेनासे होतात. यंत्र विकत घेण्यासाठी मंडळे उत्साहाने मतदान करतात, कारण यंत्रासमोर उभे राहून छायाचित्र काढता येते. समन्वयकाच्या पगाराचे छायाचित्र निघत नाही.

आमच्या डीनबाई आता दुसऱ्या कॉलेजात गेल्या आहेत. त्यांच्या हाताखाली हे काम पाहणाऱ्या समन्वयकाच्या पदाची जाहिरात पुन्हा निघाली तेव्हा तिच्यात ‘निधी उपलब्ध असेपर्यंत’ हे शब्द होते. गेल्या बैठकीत शाळेच्या त्याच शिक्षकांनी हे पद कॉलेजच्या नियमित अंदाजपत्रकात घ्यावे अशी सूचना मांडली, प्राध्यापकांनी तिला अनुमोदन दिले आणि समितीने ती एकमताने इतिवृत्तात नोंदवली. समितीला फक्त सल्ला देता येतो. अंदाजपत्रक मंडळापुढे जाईल त्या जाहीर सभेत नागरिकांना बोलायला जी थोडी मिनिटे मिळतात, त्यांसाठी आम्ही तिघांनी नावे दिली आहेत.