अहवालातला १६ क्रमांक

लहान मुलांच्या तोंडातील ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा पाठपुरावा करताना बहुतेक अहवाल दिलासाच देतात; तान्हेपणी सापडलेला विषाणू पुढे आपोआप नाहीसा होतो. त्या दिवशी मात्र दोन वर्षांच्या एका मुलीच्या गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबमध्ये पुन्हा या विषाणूचा १६ क्रमांकाचाच प्रकार निघाला, जो पहिल्या वाढदिवसाच्या सुमारासही होता.

माणसाच्या पेशींतले बीटा-ग्लोबिन जनुक चाचणीत नीट उमटले होते, म्हणजे नमुन्यात पेशी पुरेशा होत्या. तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या नळीत काहीही उमटले नव्हते, म्हणजे बाहेरून भेसळ झाली नव्हती. जनुकक्रम जुन्या नमुन्याशी तंतोतंत जुळला, पण तो आईच्या तोंडातील विषाणूशीही जुळला, त्यामुळे संसर्ग टिकून राहिला की घरातूनच पुन्हा झाला, हे ठरवता येईना. हा विषाणू श्लेष्मल त्वचेच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तराच्या, तळच्या थरात राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडून दाहही माजवत नाही. म्हणूनच प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा उशिरा लागतो.

आईवडिलांना मी समोर बसवूनच हे सांगितले, कारण असा अहवाल नुसता हाती देणे मला क्रूरपणाचे वाटते. हा विषाणू प्रौढांत लैंगिक संबंधातूनही पसरतो, हे ठाऊक असलेल्या वडिलांनी दबक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, हिच्याशी कुणी काही वाईट तर केलं नसेल ना?" या वयात विषाणू जन्माच्या वेळी आईकडून किंवा पुढे घरच्यांच्या लाळेतून, हातांतून येऊ शकतो, असे मी समजावले. त्यावर आई म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच." हा संसर्ग बहुतेक प्रौढांना केव्हा ना केव्हा होतोच आणि त्यात तिचा काहीही दोष नाही, हे तिला पटेपर्यंत मी पुन्हा पुन्हा सांगितले.

प्रौढांच्या घशाच्या कर्करोगात १६ हा प्रकार आढळतो, हे त्यांनी वाचले होते. मी मुलीची जीभ, टाळू, गाल उजेडात तपासले. कुठेही चामखीळ किंवा चट्टा नव्हता. विषाणूचा डीएनए सापडणे म्हणजे आजार नव्हे. तो घालवणारे औषध नाही, आणि नवव्या वर्षापासून देता येणारी लसही आधीचा संसर्ग काढत नाही, पण लसीतल्या इतर प्रकारांपासून संरक्षण देते, म्हणून ती अवश्य द्यावी, असे मी सुचवले.

तो कागद पुढे कुणाच्या हाती पडेल याचा नेम नव्हता. म्हणून सही करण्यापूर्वी मी शेवटी एक ओळ लिहिली : केवळ या निष्कर्षावरून लैंगिक अत्याचाराचे अनुमान काढू नये.