तुम्ही विचारलंत म्हणून: पगार सोडून पातेल्याकडे वळू का?

प्रश्न साधारण असा येतो: "नागपुरात मिहानच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, पण जीव रमतो तो शनिवारी घरी केलेल्या संत्र्याच्या मार्मलेडमध्ये, म्हणजे साल घालून केलेल्या कडवट जॅममध्ये. सोडू का नोकरी?" कुणाच्या बाबतीत मार्मलेडच्या जागी केक असतात, कुणाच्या तबल्याची शिकवणी. घरातले मोठे म्हणतात, "काऊन बा, एवढी चांगली नोकरी सोडून राहिला?" मित्र म्हणतात, मार उडी. दोघांपैकी कुणीच वही काढलेली नसते. आपण काढू, आणि मार्मलेडचाच हिशेब मांडू, कारण संत्रं घरचं आहे.

एक घाणा ५ किलो संत्र्यांचा धरा, म्हणजे चाळीसेक फळं. धुऊन सोलायला एक तास. सालीचे बारीक काप करायला दीड तास, आणि इथेच बोटं दुखायला लागतात. काप दोनदा उकळून पाणी फेकायचं, मग ताज्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचे, पाऊण तास. साल चिमटीत दाबल्यावर विरघळल्यासारखी वाटली तरच साखर घालायची. साखर आधी पडली की साल तिथल्या तिथे चिवट होते आणि मग तासभर उकळूनही मऊ होत नाही. रस काढून गाळायला आणखी पाऊण तास. वेळ वाचवायला फोडी मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया चिरडल्या गेल्या की रस काढताना गोड लागतो आणि दोन-चार तासांनी, किंवा तापवल्यावर, कडू होतो. संत्र्याचा हा स्वभावच आहे.

आता सगळ्यांना आवडतो तो भाग. साधारण ३ किलो रस-साल, ३ किलो साखर, लिंबाचा रस, आणि मलमलच्या पुरचुंडीत लिंबाच्या बिया व पांढरा गर. आपल्या संत्र्याची साल पातळ, तिच्यात पांढरा गर कमी, म्हणून घट्टपणा आणणारं पेक्टिनही कमी. ती उणीव लिंबू भरून काढतं. मोठ्या आचेवर सव्वा तास. कृतींमध्ये १०५ अंश लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच ९९ च्या आसपास उकळतं, तेव्हा १०४ ला उतरवा. फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाका, बोटानं सरकवा, सुरकुती पडली की झालं. बुडबुडे मोठे आणि जड होतात, रंग पिवळ्याचा केशरी होतो, घरभर वास सुटतो. नोकरी सोडायचा विचार डोक्यात येतो तो याच वेळी.

त्यानंतर बरण्या उकळून गरम असतानाच भरायला पाऊण तास; पुसणं, लेबल, चिकट भांडी यात सव्वा तास. एकूण सव्वासात तास, हाती सुमारे ५ किलो माल, म्हणजे २५० ग्रॅमच्या २० बरण्या. दुकानात पोचवणं, फोन, पैशाचा पाठपुरावा, नोंदी यांचे घाण्यामागे तीन तास धरा. झाले सव्वादहा. त्यात तुमच्या आवडीचा सव्वा तास.

माझ्या मते प्रश्नाचं निम्मं उत्तर याच आकड्यात आहे. "मला हे काम आवडतं का" असं स्वतःला विचारलं की उत्तर नेहमी हो येतं. "उरलेले नऊ तास कोण करणार" असं विचारा. साली चिरायला बाई ठेवता येईल. दुकानदाराकडे तिसऱ्यांदा पैसे मागायला मात्र तुम्हालाच जावं लागेल.

उरलेलं निम्मं उत्तर पैशाचं. भाव हिशेबापुरते धरलेत, तुमचे घालून बघा. संत्री २५० रुपये, साखर १३५, लिंबं २०, गॅस ६०, झाकणासह बरण्या ४४०, लेबलं १००. एकूण १००५, म्हणजे बरणीमागे ५० रुपये. यात सर्वांत महाग वस्तू काच आहे, फळ नाही. हे बहुतेकांना कागदावर आल्याशिवाय दिसत नाही. बरणी २०० ला विकली आणि दुकानदारानं ३० टक्के कापले, तर हातात १४०, खर्च वजा जाता ९०. वीस बरण्यांचे १८००, भागिले सव्वादहा तास: तासाला सुमारे १७५ रुपये. फुटलेली बरणी, न जमलेला घाणा अजून धरलेला नाही. महिन्याला ६०,००० हातात येत असतील आणि १८० तास काम असेल, तर नोकरीचा तास ३३३ चा पडतो. हा फरक तुम्ही आवडीसाठी मोजणार आहात. मोजायला हरकत काहीच नाही, फक्त रक्कम माहीत हवी.

घर चालायला ४०,००० लागत असतील तर महिन्याला ४४५ बरण्या, म्हणजे २२ घाणे, सव्वादोनशे तास. पण संत्रं बारा महिने येत नाही. त्याचे हंगाम दोन: आंबिया बहार साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. वर्षाच्या सव्वापाच हजार बरण्या या पाच-सहा महिन्यांतच भरायच्या. नीट भरलेला माल वर्षभर टिकतो, त्यामुळे विक्री पावसाळ्यातही होईल. पण पैसा काचेत आणि साखरेत अडकून बसतो. मोठं पातेलं घेऊन चौपट घाणा लावू, असं इथे सुचतं. तिथेच बिघडतं. मोठ्या घाण्यातलं पाणी आटायला फार वेळ लागतो, तेवढ्यात रंग काळवंडतो, वास उडतो आणि जास्त शिजून पेक्टिन तुटल्यानं माल सैल राहतो. दोन शेगड्या, दोन छोटी पातेली, हाच मार्ग. एप्रिलमध्ये पारा ४० च्या पुढे असताना त्या दोन शेगड्यांपुढे उभं राहून बघा, आणि कुरिअरच्या गाडीत तापलेली बरणी गिऱ्हाइकाकडे कशी पोचते तेही एकदा स्वतःलाच पाठवून बघा.

गिऱ्हाईक कोण, हेही आधी ठरवा. तर्री-पोह्याच्या गावात सकाळी कडवट मार्मलेड कोण खातो? गावाला नेण्यासाठी लोक संत्रा बर्फीच घेतात. गिऱ्हाईक बहुधा पुण्या-मुंबईत, नाही तर पेंचच्या जंगलाच्या बाजूच्या रिसॉर्टांत. रिसॉर्टवाले उधारीवर घेतात. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, निदान बिलावर तसं छापता येतं. घरातून विकायचं तरी अन्न परवान्याची नोंदणी पहिल्या विक्रीआधी हवी. तिचा चौदा आकडी क्रमांक, वजन, तारीख आणि हिरवा ठिपका लेबलवर.

तेव्हा आधी एक अख्खा बहार नोकरी सांभाळून करा, दर शनिवारी एक घाणा. मावशीनं आणि ऑफिसातल्यांनी घेतलेल्या बरण्या विक्रीत धरू नका. अनोळखी माणसानं दुसऱ्यांदा मागितलेली बरणी धरा. पहिली बरणी लोक कौतुकानं घेतात.

राजीनाम्याआधीची कामं कंटाळवाणी आहेत, पण ती पगारदार असतानाच होतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीसोबत जातो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी आजच घ्या. घराचं कर्ज काढायचं असेल तर पगाराच्या स्लिपा आहेत तोवर काढा. धंदेवाल्याकडे बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर आणखी चार महिने कळ काढा: ढोबळमानानं शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं, एवढी रक्कम आहे ती. पीएफला हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर बसतो, आणि पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते. घरखर्चाचे बारा महिने बाजूला, आणि बरण्या-साखरेचे पैसे त्याहून वेगळे. हे दोन डबे एकत्र झाले की मार्चमध्ये मुलांच्या फीमधून काचेच्या बरण्या येतात.

आणि हे सगळं मांडून नोकरीच ठेवावीशी वाटली, तर ठेवा. वर्षाला शंभर बरण्या करून वाटणारा माणूस मार्मलेडवर कमी प्रेम करतो असं नाही. उलट भांडी घासायची पाळी त्याच्यावर फार कमी वेळा येते.

सोडायचंच ठरलं तर तारीख फळाकडे बघून ठरवा. कळमन्याच्या बाजारात आंबियाची आवक वाढते त्याआधी मोकळं व्हायला हवं. नोटीस ९० दिवसांची असेल तर राजीनामा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. बरेच जण मार्चचं मूल्यमापन आटोपून सोडतात, मग जूनच्या अखेरीला मोकळे होतात, आणि नोव्हेंबरपर्यंत घरात ना पगार, ना संत्रं.