शेवटचे सहा गुण

भाचा बास्केटबॉल खेळतो आणि मी पगारपत्रकं करतो, त्यामुळे एनबीएवरून, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगवरून, आमचं एकमत होणं कठीणच. त्याच्या लेखी संघ बांधणं म्हणजे तीन मोठे तारे उचलायचे, बाकी कोणीही चालेल. मग मी त्याला ब्रुकलिन नेट्सची आठवण करून देतो. ड्युरंट, हार्डन, अर्व्हिंग! प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, धरूनही हे तिघं एकत्र उतरले ते उणेपुरे १६ सामने, आणि प्लेऑफची एकच मालिका जिंकून पांगले. बडा घर पोकळ वासा.

"मामा, तू मॅच बघतोस की एक्सेल?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. खरं सांगायचं तर एक्सेलच. आणि एक्सेलवाल्या माणसाला डेन्व्हर नगेट्ससारखा दुसरा संघ मिळायचा नाही.

२०१४ च्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या, रात्री डेन्व्हरकडे ११ वा क्रमांक होता. त्यावर निवडलेला डग मॅकडरमॉट त्यांनी शिकागोला देऊन टाकला आणि बदल्यात १६ वा आणि १९ वा असे दोन खेळाडू घेतले, युसुफ नुर्किच आणि गॅरी हॅरिस. त्याच रात्री ४१ व्या क्रमांकावर त्यांनी निकोला योकिच नावाचा एक गुबगुबीत सर्बियन पोरगा घेतला. त्या क्षणी टीव्हीवर टाको बेल या फास्ट फूड साखळीची जाहिरात चालू होती. पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झालेल्या माणसाचं नाव जाहीर होताना कोणी पाहिलंच नाही! नशीब म्हणा हवं तर. पण हॅरिसचं पुढे काय झालं ते बघा. २०२१ च्या मार्चमध्ये हॅरिस, आर. जे. हॅम्प्टन आणि भविष्यातल्या ड्राफ्टचा पहिल्या फेरीचा एक पिक (निवडीचा हक्क) देऊन ऑर्लँडोकडून ॲरन गॉर्डन आणला. म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या त्या ११ व्या क्रमांकातून फिरत फिरत गॉर्डन हाती आला.

चुका केल्या नाहीत असं नाही. रूडी गोबेअर २०१३ मध्ये आणि डॉनोव्हन मिचेल २०१७ मध्ये, दोघंही डेन्व्हरच्याच क्रमांकावर निवडले गेले आणि त्याच रात्री दोघंही युटाला गेले. भाच्याला हे फार आवडतं, मी योकिचचं कौतुक सुरू केलं की तो लगेच "आणि गोबेअर?" म्हणतो.

पण माझा मुद्दा ताऱ्यांचा नाहीच. योकिच, मरे, पोर्टर, गॉर्डन हे चौघं २०२१ मध्येच संघात होते. तेव्हा मरेचा गुडघा गेला, पुढच्या हंगामात पोर्टरची पाठ. ती दोन वर्षं वाया गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात ही सगळी मांडणी करणारा संघाचा व्यवस्थापक टिम कॉनेली मिनेसोटाला निघून गेला आणि त्याच्या जागी आलेल्या कॅल्विन बूथने दोन बारीक कामं केली. मॉन्टे मॉरिस आणि विल बार्टन देऊन वॉशिंग्टनकडून केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, म्हणजे केसीपी, आणला. आणि ब्रूस ब्राउनला वर्षाला साधारण ६५ लाख डॉलरवर घेतलं, जे या लीगच्या हिशेबात चिल्लर आहे. दोघांनाही चेंडू हातात ठेवायची हौस नव्हती. बचाव करायचा, बास्केटकडे कट मारायचा, योकिचकडून पास आला की चेंडू आत टाकायचा, एवढंच.

१३ जून २०२३, आपल्याकडे मंगळवार सकाळ. फायनलचा पाचवा सामना. दोन मिनिटं शिल्लक आणि मायामी ८९-८८ ने पुढे. मी एका पायात मोजा घालून टीव्हीसमोर उभा. ब्राउनने चुकलेल्या शॉटचा रिबाउंड गर्दीतून ओढला आणि चेंडू परत आत टाकला: ९०-८९. मग जिमी बटलरचा पास केसीपीने मधल्यामध्ये उचलला, फाउल झाला, दोन्ही फ्री थ्रो आत. बटलरचा तीन गुणांचा शॉट चुकला, रिबाउंड पुन्हा ब्राउनकडे, पुन्हा दोन फ्री थ्रो. ९४-८९. डेन्व्हर पहिल्यांदाच एनबीए विजेते. शेवटचे सहाच्या सहा गुण त्या दोघांचे. योकिचला त्या दोन मिनिटांत गुण करायची गरजच पडली नाही.

आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत ते दोघंही गेले.

ब्राउनचं कारण निव्वळ नियमांचं आहे. संघ कॅपच्या, म्हणजे एकूण पगाराच्या मर्यादेच्या, वर असेल आणि खेळाडू तुमच्याकडे एकच हंगाम खेळला असेल, तर त्याला जुन्या पगाराच्या १२० टक्क्यांपर्यंतच देता येतं. म्हणजे साधारण ७८ लाख. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले. कोण थांबेल? मीही थांबलो नसतो. केसीपीची गोष्ट मात्र वेगळी. त्याला ठेवायला नियमांची आडकाठी नव्हती, मालकांच्या खिशाची आणि नव्या 'सेकंड एप्रन'ची, म्हणजे कॅपच्याही वरच्या आणखी एका रेषेची, होती. २०२४-२५ मध्ये कॅप सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर आणि हा एप्रन १८ कोटी ८९ लाखांवर. तो ओलांडला की नुसता कर भरून सुटका नाही, हातपाय बांधले जातात: ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. केसीपी तीन वर्षांच्या ६ कोटी ६० लाखांवर ऑर्लँडोला गेला.

बूथचा हिशेब असा होता की ड्राफ्टमधली स्वस्त पोरं ही भोकं बुजवतील. अर्धा हिशेब बरोबर आला. ख्रिश्चन ब्राउनने (हा ब्रूस नव्हे, दुसरा ब्राउन) केसीपीची जागा खरंच घेतली. पण मग बाकावरची ख्रिश्चन ब्राउनची जागा कोण घेणार? कोणीच नाही. केसीपी जायच्या थोडं आधी, २०२४ च्या प्लेऑफमध्ये, मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात २० गुणांची आघाडी घालवून डेन्व्हर हरलं ते नेमकं मिनेसोटाकडून. संघ कॉनेलीने बांधलेला आणि मधोमध उभा, युटाहून तिथे पोचलेला गोबेअर! एप्रिल २०२५ मध्ये, हंगामाचे तीन सामने उरलेले असताना, बूथ आणि कोच मायकल मलोन दोघांनाही एकाच दिवशी नारळ मिळाला. मला बूथची जरा दयाच आली. २०२२ मधल्या त्याच्या दोन कामांशिवाय ती ट्रॉफी आली नसती आणि नंतर त्याच दोघांना राखता आलं नाही, आणि शेवटी त्याचीच खुर्ची गेली.

नव्या मंडळींनी त्या उन्हाळ्यात पोर्टर आणि २०३२ चा पिक ब्रुकलिनला देऊन कॅम जॉन्सन घेतला. इथे भाचा आणि मी पुन्हा भांडलो. तो म्हणतो, पोर्टर उंच, पोर्टर जास्त गुण करतो, वर पिकही दिला, म्हणजे लुटले गेले. मी म्हणतो, दोघांच्या पगारात वर्षाला पावणेदोन कोटी डॉलरच्या घरात फरक आहे, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतून योकिचला विश्रांती देणारा व्हॅलँच्युनास आला. शिवाय ब्रूस ब्राउन परत आला, किमान पगारावर. राहिला २०३२ चा पिक. तोवर योकिच ३७ चा होईल. तेव्हाचं तेव्हा बघता येईल.