पाच नकार आणि एक जुनी केस

लग्नाच्या पंगतीत किंवा उजळाईवाडीच्या विमानतळावरून बाहेर पडताना कुणीतरी हळूच बाजूला घेतं. प्रश्न ठरलेला असतो: "पोराचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, होऊन दोन वर्षं झाली, जाईल तिथं नकार. आता पडताळणीतही काहीतरी निघालंय म्हणे. तुम्ही काय केलंत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी यातला अर्धा भाग मी घरच्यांनाही उशिराच सांगितला.

माझा परवाना 2018 चा. 200 तास उड्डाण, सगळे पेपर, क्लास वन मेडिकल ही वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, आणि शिरोळकडची दीड एकर गहाण. पहिला नकार विमान कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या मानसशास्त्रीय चाचणीत आला, दुसरा सिम्युलेटरमध्ये. सेसनासारख्या छोट्या विमानावर शिकलेला माणूस जेटच्या सिम्युलेटरमध्ये बसला की नजर एका काट्यावर खिळते आणि वेग हातातून निसटतो. माझाही निसटला. हे दोन्ही नकार रास्त होते.

पुढं एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तासांचे वैमानिक आमच्याच रांगेत येऊन उभे राहिले. मार्च 2020 मध्ये देशातली प्रवासी उड्डाणंच दोन महिने थांबली. या काळातला तिसरा नकार मी उगाच मनाला लावून घेतला. मुलाखत झाली की परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहायचो. ती सवय मात्र कामी आली. तीन मुलाखतींनंतर कळलं, की हवामानशास्त्रात मी पाठ केलेलं बोलतो आणि कुणी "म्हणजे काय?" म्हणालं की गप्प होतो. मग इथंच दोन पोरांना हवामानशास्त्र शिकवायला घेतलं. पोरं "म्हणजे काय?" सोडून दुसरं काही विचारतच नाहीत!

चौथ्या वेळी निवड झाली. पेढे वाटले. आणि अर्जावरचं एक उत्तर आडवं आलं.

'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला आहे का?' यापुढं मी 'नाही' लिहिलं होतं. बारावीनंतरच्या गळीत हंगामात पहिल्या उचलीसाठी, म्हणजे कारखान्याकडून उसाच्या मिळणाऱ्या पहिल्या हप्त्यासाठी, चक्का जाम झाला होता. त्यात गावातल्या चाळीसेक जणांबरोबर माझंही नाव लागलं होतं. केस मागे घेतली असं सगळे म्हणायचे, म्हणून माझ्या लेखी ती संपली होती. पण प्रश्न 'केस चालू आहे का' असा नव्हता, 'नोंदला गेला आहे का' असा होता. शिवाय पोलिस ठाण्याच्या नोंदीत ती अजून प्रलंबितच दिसत होती. नेमणूक रद्द झाली. मी आठवडाभर पंचगंगेच्या घाटावर जाऊन नुसता बसायचो.

राग आला, पण ही तपासणी उगाच नसते. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले होते. आणि कंपनीनं घेतलं तरी नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचा विमानतळावरचा एंट्री पास लागतोच, त्यालाही पार्श्वभूमीची पडताळणी आहे.

मग कागदाच्या मागे लागलो. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टानं परवानगी द्यावी लागते. 'शासनानं केसेस मागे घेतल्या' या बातमीला पडताळणीत किंमत नाही. तालुक्याच्या कोर्टात आदेशाची नक्कल मिळाली. ती ठाण्यात देऊन नोंद दुरुस्त करून घेतली. तीन महिने हेलपाटे झाले. त्याच फेऱ्यांत नावाचाही घोळ निस्तरला: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नावच नाही. आपल्याकडे हे सर्रास असतं. मुलाखतीचं पत्र यायची वाट न बघता आजच जुळवून घ्या.

पाचव्या अर्जात 'हो' लिहिलं, नक्कल जोडली. तरी नकार आला. कारण कळलं नाही. खरं बोललं की काम होतं असं मी कुणाला सांगत नाही, ते एवढ्यासाठीच. पण त्या रात्री झोप लागली. आधीच्या वेळी फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

सहाव्या वेळी समोरच्या कॅप्टननी फाइल उघडली आणि विचारलं, "ही 'पहिली उचल' म्हणजे काय?" पुढची दहा मिनिटं मी विमानाबद्दल एक शब्द बोललो नाही. टनाचा भाव, कारखाना, काटा, हप्ते, आणि त्या दिवशी मी रस्त्यावर का बसलो होतो, सगळं सांगितलं. नंतर त्यांनी हवामानाचे प्रश्न विचारले, तेही जमले.

पास गळ्यात घालून घरी आलो तेव्हा आबांना हे सगळं पहिल्यांदा सविस्तर सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं, आपण दर किती मागितला हुता ते सांगितलंस न्हवं त्यांना?"